डावीकडे हळवं, उजवीकडे गरवं

आमच्या वाडीतली पहिली पदवीधर मी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात ही गोष्ट सारखी आडवी येते. बी.एस्सी., रसायनशास्त्र. पदवीचा कागद बाबांनी फ्रेम करून ओटीवर लावला आहे आणि त्याच फ्रेमच्या मागे मिक्सरचं गॅरंटी कार्ड खोचून ठेवलंय, का तर दोन्ही कागद हरवता कामा नयेत. मी लोट्याला एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे. सकाळी कंपनीची बस, दिवसभर नमुने तपासायचे, संध्याकाळी भाड्याच्या खोलीवर. महिन्यातून एखाद्या वेळी घरी. लॅबमध्ये आम्हाला पहिल्या दिवशी जे शिकवलं ते असं, की ज्या बाटलीवर चिठ्ठी नाही ती बाटली ओतून टाकायची. आत काय आहे हे तुम्हाला कितीही पक्कं माहीत असलं तरी. मला हा नियम फार आवडला. मी तो घरी घेऊन आले, तिथूनच सगळं सुरू झालं.

आमची शेती म्हणजे दोन जागा. एक घराच्या वर, कातळाला लागून असलेले कोपरे, म्हणजे शेताचे लहान तुकडे. तिथे माती वीतभर. पाऊस थांबला की चार दिवसांत जमीन सुकून दगड. दुसरी खाली, पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेचा मळा. तिथलं पाणी दिवाळी आली तरी पूर्ण हटत नाही. म्हणून वर लावायचं हळवं भात. ते लवकर येतं, गणपतीच्या सुमाराला निसवतं, म्हणजे लोंब्या बाहेर काढतं, आणि पाऊस जाता जाता कापायला होतं. खाली मळ्यात गरवं. ते सावकाश येतं, त्याला शेवटपर्यंत पायाखाली ओल लागते. उलट झालं तर दोन्हीकडून गेलं. हळवं मळ्यात गेलं तर भर पावसात पिकून पाण्यात आडवं होतं आणि लोंबीवरच कोंब येतात. गरवं कातळाकडे गेलं तर दाणा भरायच्या वेळेला पाणी नसतं. हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं.

आता बहुतेक घरं दुकानातून पिशवीचं बियाणं आणतात. बरीचशी घरं तर भात लावतच नाहीत, कुलूप लावून मुंबईला असतात आणि गणपतीला उघडतात. आमचं गरवं मात्र आईचं आहे. लग्न होऊन आली तेव्हा तिने ते माहेराहून आणलं. जाड दाण्याचं, तांबूस, पेजेला गोड. वाडीत ते आता आमच्याच घरात उरलंय. ज्याला हवं तो आईकडे येतो, आई सुपाने घालते, पैसे घेत नाही. कापणी झाली की तो सुपाने परत आणून देतो. बियाण्याला पैसे लावायचे नसतात, एवढंच ती सांगते, का ते सांगत नाही. आईला वाडीत काही पद नाही, ती कुठल्या गटाची अध्यक्ष नाही. पण मे महिन्यात लोक तिच्या दारात येतात, आणि त्या दिवसांत तिची चाल जरा वेगळी असते. ते मला लहानपणापासून दिसतं.

हे बियाणं आई मुडीत ठेवते. मुडी म्हणजे पेंढा पसरायचा, त्यात भात ओतायचं, पेंढा सगळीकडून वर घेऊन आवळायचा आणि पेंढ्याच्याच वळलेल्या दोरीने करकचून बांधायचं. फुटबॉलसारखा गोळा होतो. तो चुलीच्या वरच्या माळ्यावर, धुरात. हळव्याच्या मुडीला एक गाठ, गरव्याच्या मुडीला दोन गाठी. लिहिलेलं कुठे काही नाही.

गेल्या मेमध्ये आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. रत्नागिरीला नेलं, दुसऱ्या दिवशी घरी आणलं. महिनाभर धूळ नको, धूर नको, वाकायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. आईला हे तिन्ही बंद म्हणजे मे महिनाच बंद. काळा चष्मा लावून ती पडवीत बसायची आणि तिथून हुकूम सोडायची. शेजारची काकी तिला म्हणाली, "वयनी, खुर्ची तेवडी बदल, आमदारच दिसतंस."

काकी म्हणजे पलीकडच्या घरातली. नात्याने लांबची, पण आमची लावणी तिच्या हातांवर आणि तिची आमच्या. तिचे मुलगे मुंबईला, काकाही आता तिकडेच. ती एकटी राहते, एकटी मळा करते आणि बोलायला लागली की समोरच्याने फक्त ऐकायचं.

मी आठवड्याची रजा टाकून आले. बियाणं काढून उन्हात घालायचं काम दरवर्षी आईचं, या वर्षी माझ्याकडे आलं. माळ्यावरून दोन्ही मुड्या खाली काढल्या. धुराने काळ्या झालेल्या. एकीला उंदराने कुरतडलेलं. आई पडवीतून म्हणाली, एक गाठीचा हळवा, दोन गाठीचा गरवा, खळ्यात कुठं वततंस ता ध्यानात ठेव. मी म्हटलं, ध्यानात कशाला, लिहून ठेवते.

खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, दोन ताडपत्र्या घातल्या. एक तुळशीच्या बाजूला, दुसरी गोठ्याच्या बाजूला. दोन्ही मुड्या सोडल्या, दोन ढीग केले, पसरले आणि माझ्या खिशातल्या छोट्या वहीत लिहिलं: डावीकडे हळवं, उजवीकडे गरवं. वेळही लिहिली. मला स्वतःचं कौतुक वाटलं, खोटं कशाला सांगू. मुड्यांचा जुना पेंढा कुरतडलेला होता म्हणून गोठ्यात टाकला. म्हशीने तो गाठींसकट खाल्ला.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर दोन नवीन पोत्यांत भात भरलं. मुडी परत बांधत बसायचं काही कारण मला दिसलं नाही, पेरा पंधरा-वीस दिवसांवर होता. पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या कापल्या, मार्करने ठळक लिहिलं, पोत्यांच्या तोंडाला बांधल्या. आईला हाताला धरून आणलं. तिने एका पोत्यात हात घातला, दाणे चोळले, एक दाताखाली धरला.

"वाटतो तर हळवाच," ती म्हणाली.

"चिठ्ठीवर हळवंच आहे," मी म्हटलं.

"मंग झाला."

हे संभाषण मी नंतर इतक्या वेळा आठवलंय की आता मला त्याचा क्रमच खात्रीने सांगता येत नाही. ती आधी बोलली की मी आधी बोलले? मी आधी "हे हळवं बरं का" म्हणून तिचा हात पोत्यात घातला असेल का? तसं झालं असेल तर तिच्या "वाटतो तर"ला काही अर्थ नाही.

बाबांनी पेरलं. चिठ्ठी वाचून गरवं पऱ्याच्या अंगाच्या वाफ्यात, हळवं रस्त्याच्या अंगाच्या वाफ्यात. मी लोट्याला परत गेले. रोपं वर आली, म्हणजे आमच्याकडचा तरवा झाला, तसे बाबांनी फोनवर फोटो पाठवले. दोन्ही वाफे हिरवेगार, दोन्ही एकसारखे.

जुलैमध्ये लॅबमध्ये एक क्षुल्लक गोष्ट घडली. माझ्याबरोबरच्या मुलीने नमुन्यांच्या ट्रेबद्दल नोंदीत "डावीकडून तिसरी" असं लिहिलं होतं. आमचे साहेब टेबलाच्या पलीकडे उभे होते. त्यांनी ट्रे स्वतःकडून बघितला आणि शांतपणे विचारलं, डावीकडून म्हणजे तुमच्या की माझ्या? सगळे हसले. मीही हसले. आणि हसता हसता मला खळ्यात लिहिलेली ओळ आठवली.

वही पिशवीतच होती. पान काढलं. डावीकडे हळवं, उजवीकडे गरवं. घराकडे तोंड करून उभं राहिलं तर तुळस डावीकडे येते. घराकडे पाठ केली तर गोठा डावीकडे येतो. सकाळी लिहिताना मी कुठे तोंड करून उभी होते? आणि संध्याकाळी वही वाचून चिठ्ठ्या बांधताना? संध्याकाळचं मला आठवत होतं, ओटीच्या पायरीवर बसले होते, म्हणजे पाठ घराकडे. सकाळचं आठवेना. ऊन डोळ्यांवर होतं एवढं आठवत होतं. सकाळचं ऊन आमच्या खळ्यात घराच्या मागून येतं, म्हणजे डोळ्यांवर होतं तर तोंड घराकडे. पण समोर शेजारच्या पत्र्यावरून चमक उलटीही येते. एकदा असं वाटायचं, एकदा तसं. दोन दिवस मी जेवताना, बसमध्ये, झोपताना त्या खळ्यात उभी राहत होते आणि दर वेळी माझं तोंड निराळ्या दिशेला असायचं.

बरोबरच्या मुलीला सांगितलं. ती चिपळूणच्या बाजारपेठेत वाढलेली. तिने मनापासून विचारलं, "अगं पण रेशनवर तांदूळ मिळतो ना तुम्हाला? मग एवढं काय?" खरंच, एवढं काय? टिलरचं भाडं, मजुरी, माकडं, रानडुकरं, हे सगळं धरलं तर आमचं भात दुकानातल्या तांदळापेक्षा महाग पडतं. घर बाबांच्या आंब्याच्या बागेतल्या राखणीवर, काजूवर आणि माझ्या पगारावर चालतं. भातावर चालत नाही. हे मला बाबांपेक्षा चांगलं कळतं. तरी मला झोप लागत नव्हती. उलटं लागलं आणि दोन्हीकडचं गेलं तर पुढच्या मेमध्ये आईच्या दारात लोक येतील, आणि द्यायला सुपात काही नसेल. कधीच नसेल. दुकानात ते बियाणं मिळत नाही, आणि त्या मेमध्ये आईच्या डोळ्यामुळे कोणी न्यायलाही आलं नव्हतं.

तालुक्याच्या कृषी सहायकांना तरव्याचे फोटो पाठवले. त्यांनी प्रामाणिकपणे कळवलं, फोटोवरून सांगता येणार नाही, पोटरीत आल्यावर, म्हणजे पोटात लोंबी धरल्यावर, कळेल. पोटरीत आल्यावर तर म्हशीलाही कळेल.

लावणी रविवारी ठरली होती. मी शनिवारी हाफ डे घेऊन निघाले. फाट्यावर उतरून चालत जाताना दोनदा वाटलं की गप्प बसावं. चिठ्ठी बरोबर असण्याची शक्यता अर्धी होती आणि गप्प बसलं तर कोणाला काही कळणार नव्हतं. पण मी शिकलेली आहे, आणि शिकलेल्या माणसाने माहीत नसलेलं माहीत आहे म्हणून सांगायचं नसतं, असं मला तेव्हा वाटत होतं. चहा झाल्यावर मी दोघांना वही दाखवली. खळ्यात उभी राहून दोन्ही बाजूंना तोंड करूनही दाखवलं.

बाबांनी माझ्या पायांकडे बघितलं. मग म्हणाले, म्हशीक विचारूया, गाठी तिनंच खाल्ल्यानी.

मी तोडगाही घेऊन आले होते. दोन्ही जागी अर्धं अर्धं लावायचं. वर अर्ध्या कोपऱ्यांत हळव्याच्या वाफ्यातलं, अर्ध्यात गरव्याच्या. खाली मळ्यातही तसंच, मधोमध दोरी धरून. चिठ्ठी बरोबर असो की चूक, दोन्ही जातींचं अर्धं तरी आपापल्या जागी असेल. बियाणं मरणार नाही. लॅबमध्ये आम्ही असंच करतो.

"ह्यो मळा हाय," बाबा म्हणाले. "ल्याब नाय. अर्धा पिकला आनि अर्धा हिरवा तर पाणी सोडायचा की ठेवायचा? कापायचा कसा?"

त्यांचं चुकत नव्हतं. पण मग काय करायचं ते त्यांनाही सांगता येईना. आम्ही दोघांनी आईकडे बघितलं. आई तेव्हा काळ्या चष्म्यातून बाहेर आली होती, पण डोळ्यात अजून पाणी यायचं. ती पदराने डोळा टिपत बसली होती. टिपता टिपताच म्हणाली, "पोरीनं शोधून काडलाय ना? मंग तसाच करू."

मला हायसं वाटलं. तिचा माझ्यावर विश्वास आहे, असं वाटलं.

रविवारी तशीच लावणी केली. तरवा सकाळपासून आईच काढून देत होती. काकी ठरल्याप्रमाणे आमच्यात आली, प्लॅस्टिकचा कागद डोक्यावरून घेऊन. मळ्याच्या मधोमध ताणलेली सुतळी बघून तिने विचारलं, भावाभावांत वाटणी झाली काय? मी सगळं सांगितलं. लपवायचं नाही असं ठरवलंच होतं. ती चिखलात कमरेवर हात ठेवून हसली, इतकी की तिच्या हातातल्या तरव्याची मूठ सुटली. मग दिवसभर तिने मला सोडलं नाही. पाणी मागितलं तर, कुठल्या बाजूनं देऊ गो, डाव्या की उजव्या. भाकरी वाढताना तेच. पाठ मोडली असताना मीसुद्धा शेवटी हसायला लागले.

दुपारनंतर तिच्या तरव्याचा विषय निघाला. तिने पिशवीचं बियाणं पेरलं होतं, पण डुकरांनी तिचा वाफा उकरून टाकला होता, म्हणून तिला मळ्यासाठी आमच्याकडचं गरवं हवं होतं. आईने ते आधीच कबूल केलं होतं. मी काकीला गाठलं आणि स्पष्ट सांगितलं की माझ्या चिठ्ठीवर जाऊ नकोस, मला खात्री नाही, तूही अर्धं अर्धं ने.

"तुझ्याकडनं कोण घेतंय?" काकी म्हणाली. "मी तुझ्या आयशीकडनं घेतंय."

आई तोवर वाफ्यांकडे गेली होती. डॉक्टरांनी वाकायला नको सांगितलेला महिना संपला होता, म्हणून मीही अडवलं नाही. ती पऱ्याच्या अंगाच्या वाफ्यापाशी गेली, वाकली आणि तरवा उपटायला लागली. थांबली नाही, दुसऱ्या वाफ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मुठी बांधून बांधावर टाकत गेली, वाफा रिकामा झाल्यावर म्हणाली, ने. तेव्हा माझ्या मनात एवढंच आलं की हिने चिठ्ठीप्रमाणेच दिलं, म्हणजे हिला अजून माझी चिठ्ठीच खरी वाटतेय. काकीचं वर्ष माझ्या वहीतल्या एका ओळीवर गेलं, असं वाटून मी घाबरले.

मग ऑगस्ट गेला. पोटरीची वाट बघत मी दर रविवारी फोन करायचे. बाबा म्हणायचे, हिरवा हाय. पुढच्या रविवारी पुन्हा हिरवा हाय.

गणपतीला घरी आले, पिशवी ओटीवर टाकली आणि तशीच वर गेले. कातळाकडच्या अर्ध्या कोपऱ्यांत लोंब्या बाहेर आल्या होत्या. ज्यात मी चिठ्ठीप्रमाणे हळवं लावलं होतं, त्याच कोपऱ्यांत. चिठ्ठी बरोबर होती. मे महिन्यापासून बरोबरच होती.

मी बांधावर बसले. आनंद व्हायला हवा होता. मी बरोबर लिहिलं होतं, बरोबर वाचलं होतं, बरोबर बांधलं होतं. फक्त मला ते माहीत नव्हतं. म्हणजे मी बरोबर होते की नव्हते? अजूनही मला सकाळी तोंड कुठे होतं ते आठवत नाही. सकाळीही पाठच घराकडे असेल, किंवा दोन्ही वेळा चुकून बरोबर झालं असेल. आणि जर मी त्या शनिवारी तोंड उघडलं नसतं तर वर सगळं हळवं असतं, खाली सगळं गरवं, आणि आमचं वर्ष नेहमीसारखं गेलं असतं.

ते नेहमीसारखं गेलं नाही. मळ्यातलं अर्धं हळवं सप्टेंबरच्या पावसात पिकलं. बाबा म्हणाले होते तेच झालं, पाणी सोडावं तर बाजूचं गरवं ओरडणार, ठेवावं तर हळवं कुजणार. ते पिकलं तसा वास सुटला आणि डुकरं आली. आसपासच्या सगळ्या हिरव्या मळ्यांत तेवढाच तुकडा पिवळा, त्यांना वाट विचारावी लागली नाही. त्यांनी हळवं खाल्लं आणि जाताना सुतळीच्या पलीकडचं गरवंही लोळवून, तुडवून गेली. वर कातळाकडे गरव्याची पोटरी भरायच्या बेतात असताना पाऊस गेला. लोंब्या अर्ध्या बाहेर, अर्ध्या आतच अडकल्या. हाताने चोळल्या तर फोलपटं. हळव्याचं वरचं अर्धं तेवढं धड हाताला लागलं.

काकीचा मळा मात्र सरसकट एका रंगाचा होता. ऑक्टोबरच्या शेवटी तो पिकला तेव्हा रस्त्यावरून जाणारे थांबून बघायचे. मी त्या कापणीला गेले. आमच्या मळ्यात कापायला फारसं नव्हतंच. दिवसभर काकीने मला एकही टोमणा मारला नाही, आणि त्यानेच मला जास्त अवघडल्यासारखं झालं.

झोडणी झाल्यावर काकी दारात आली, डोक्यावर टोपलं घेऊन. देण्याचा रिवाज सुपाने होता, ती टोपलंभर घेऊन आली. आईने उठून ते उतरून घेतलं. इतकी वर्षं लोक आईकडून न्यायला आलेले मी बघितले होते. कोणी तिला तिचंच बियाणं असं आणून देताना पहिल्यांदाच बघितलं. आईचा चेहरा मला वाचता आला नाही. ती काकीला म्हणाली, बस, चाय घे.

काकी गेल्यावर आई मुड्या बांधायला बसली. मी पेंढा पसरून देत होते. खूप दिवस मनात होतं ते विचारलं. काकीला तरवा देताना तू सरळ त्या वाफ्याकडे कशी गेलीस?

"हाताला कळतो. गरव्याची मुळी धरून ऱ्हाते. उपटताना जड लागतो."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"पयल्या मुठीला कळला."

"सकाळी आपल्या लावणीलाही तूच तरवा काढत होतीस."

"व्हय."

"मग सुतळी का धरू दिलीस? सांगायचं ना."

आईने पेंढ्याची दोरी वळली, गुडघ्याला लावून ताणली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "काकीचा शेत परक्याचा, थय चुकून चालत नाय. थय मी माज्या हाताचा दिला. आपला शेत आपला. हय तुझा ऐकला."

मी यावर खूप विचार केलाय, आणि मला अजून कळलेलं नाही. हा मान होता का? की तिला खरंच स्वतःच्या हाताची खात्री नव्हती, माझ्या वहीपुढे ती दबली, आणि काकीच्या मळ्यामुळे तिला ती खात्री परत मिळाली? की मला शिकवण्यासाठी तिने आमचं अख्खं वर्ष जाऊ दिलं? शेवटचं तिच्या स्वभावात बसत नाही. पहिलं मला आवडतं म्हणून मी त्यावर विश्वास ठेवत नाही. मी तिला परत विचारलं नाही. विचारलं तर ती म्हणेल, तुला काय वाटता ताच.

त्याच बैठकीत तिने आणखी एक गोष्ट सांगितली. दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन करायचं आहे, डॉक्टरांनी येत्या मेमध्ये बोलावलंय. म्हणजे मुड्या पुन्हा मीच काढणार.

समोर दोन टोपली होती, एकात आमचं हळवं, एकात काकीने आणलेलं गरवं. आई म्हणाली, डोळे मिट. मी मिटले. तिने दोन्ही टोपली सरकवल्याचा आवाज आला, कुठलं कुठे गेलं कळलं नाही. मग तिने माझा हात धरून एकात घातला.

"सांग, कुठचा?"

मी दाणे चोळले. एक दाताखाली धरला. जाड वाटला. मग पातळ वाटला. लॅबमध्ये मी वजन दशांशाच्या चौथ्या स्थानापर्यंत लिहिते. इथे मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. पण आई वाट बघत होती.

"गरवं," मी म्हटलं. "वाटतं तर."

"डोळे नको उगडू. मंग तशीच बांध."

तिने तेच टोपलं पेंढ्यावर ओतल्याचं ऐकू आलं. मी चाचपडत पेंढा गोळा केला, आवळला, दोरी फिरवली. एक गाठ मारली आणि थांबले. आई दुसऱ्या मुडीचा पेंढा पसरत असल्याचं ऐकू येत होतं.

मी दुसरी गाठ मारली.